युद्धकाळातील एक लेखणी : शामराव परुळेकर आणि डहाणू-तलासरीचा वारली समाज

(व्याख्यानाचा मजकूर)



६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि तेव्हापासून मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास मोजला जाऊ लागला. ‘दर्पण’ या नावातच वृत्तलेखनाचे ब्रीद सामावलेले आहे. जे आहे ते जसेच्या तसे दाखवावे, एवढीच आरशाकडून अपेक्षा असते. शांततेच्या काळात हे ब्रीद पाळणे अवघड असते. युद्धकाळात ते अनेकदा प्राणावर बेतते.

अमेरिकन वार्ताहर एर्नी पाइल हा १८ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळच्या इये शिमा बेटावर जपानी मशीनगनच्या माऱ्यात मरण पावला. छायाचित्रकार रॉबर्ट कापा २५ मे १९५४ रोजी इंडोचीनमध्ये सुरुंगावर पाय पडून गेला. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा प्रश्न धुमसत असताना, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत हत्या झाली. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत होते. त्यानंतर महिनाभराच्या आतच, १७ सप्टेंबर रोजी, हैदराबाद मुक्त झाले. म्हणूनच मराठवाड्याच्या मुक्तिकथेतही त्यांचे नाव आदराने घ्यावे लागते. अलीकडे १६ जुलै २०२१ रोजी दानिश सिद्दीकी हा भारतीय छायापत्रकार अफगाणिस्तानातील स्पिन बोल्डाक येथे लढाईचे वार्तांकन करताना मारला गेला.

या नामावळीत शामराव विष्णू परुळेकर यांचे नाव सहसा घेतले जात नाही. त्यांची ओळख वार्ताहर म्हणून नसून शेतकरी-कामगारांचे पुढारी म्हणून आहे. ते रणांगणावर पडले नाहीत, त्यांना गोळीही लागली नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी डहाणू आणि त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यांच्या रानात जे घडले, त्याचा प्रत्यक्ष माहितीवर आधारलेला वृत्तांत त्यांनी लिहिला. आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी, युद्धकालीन कायद्याखाली स्थानबद्ध असताना, मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात त्यांचा अंत झाला. खऱ्या वार्तेच्या अभावी माणसे कशी मरतात आणि ती कोणी लिहून ठेवली तर मेलेल्यांनाही न्याय कसा मागता येतो, हे समजून घेण्यासाठी शामरावांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण या भूमीत दुसरे नाही.

महायुद्ध आणि रानातील माणूस

आजचा तलासरी तालुका त्या काळी वेगळा नव्हता. ठाणे जिल्ह्यातील डहाणू व उंबरगाव हे दोन तालुके एकमेकांस लागून होते. पश्चिमेस समुद्रकाठची सपाट पट्टी, तिच्यातून गेलेला मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग, स्थानकांभोवती वाढलेल्या व्यापारी पेठा आणि बागायती. पूर्वेस मात्र सागाचे रान, डोंगर, नद्यानाले आणि विखुरलेले पाडे. या पूर्वेकडील भागात वारली समाजाची वस्ती मोठी. कारवीच्या कुडाची, शेणमातीने सारवलेली घरे, भात-नागलीची शेती आणि रानातील मजुरी हा त्यांचा संसार. जमीन ते कसत; परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जमिनीची मालकी शेठ-सावकारांकडे गेलेली होती.

ज्या जमिनीचे आपले पूर्वज धनी होते तिच्यावर हा समाज खंडकरी म्हणून राबत होता. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी हंगाम झाल्यावर वाढीव मापाने फेडावी लागे. खंड आणि खावटी फिटेपर्यंत खळ्यावरील भात संपून जाई व पुन्हा कर्जाची वेळ येई. त्याखेरीज वेठ होती. जमीनमालकाचा कारभारी पाड्यावर येऊन हाक देई आणि स्वतःच्या शेतातील काम टाकून कुळाला मालकाच्या शेतावर जावे लागे. नांगरणी, लावणी, गवत कापणी, ओझी वाहणे, असे कोणतेही काम त्यात येई. नकार दिल्यास मार ठरलेला असे. या साऱ्याहून भयंकर प्रकार ‘लग्नगड्या’चा होता. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या रकमेच्या मोबदल्यात नवराच नव्हे तर त्याची बायकोही सावकाराच्या घरी राबू लागे, आणि ते कर्ज कधीच फिटत नसे.

ही परिस्थिती सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविले होते. त्यांचा अहवाल १९३९ साली सादर झाला. वेठबिगार सर्रास चालते व तिला नकार देणाऱ्यास मारहाण होते, हे त्या सरकारी अहवालानेच मान्य केले. परंतु त्याच वर्षी महायुद्ध पेटले, प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि अहवालाची पाने दप्तरात राहिली.

युद्धाचा परिणाम या रानावरही झालाच. मुंबईच्या गोठ्यांना लागणारे गवत, इमारती लाकूड, सरपण, कोळसा यांना मागणी होती आणि महागाईने साऱ्याच वस्तूंचे भाव चढले होते. ठेकेदाराच्या हाती पैसा खेळू लागला. तेच गवत कापणाऱ्या आणि तेच झाड तोडणाऱ्या माणसाच्या हाती मात्र पूर्वीइतकेच आणे पडत राहिले. युरोपातील रणभूमीची बातमी रोज सकाळी रेल्वेने डहाणू स्थानकावर उतरत असे. स्थानकापासून काही कोसांवर चाललेल्या वेठीची बातमी उलट दिशेने मुंबईस जात नव्हती.

शामरावांची घडण

शामरावांचा जन्म १९०२ सालचा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’चे, म्हणजेच भारत सेवक समाजाचे, ते सदस्य झाले. प्रश्नाचा अभ्यास करावा, आकडे गोळा करावेत, पुराव्यावाचून विधान करू नये आणि भाषा आवेशाची असली तरी आधार कागदाचा असावा, ही त्या संस्थेची शिकवण होती. पुढे शामरावांचा मार्ग संस्थेच्या मार्गापासून पुष्कळ दूर गेला. परंतु ही सवय त्यांनी कधी सोडली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते १९३७ साली मुंबई विधानसभेवर निवडून आले. कोकणातील खोतीच्या विरोधात १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईस विधानसभेवर जो शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा गेला, त्यात बाबासाहेबांच्या बरोबर इंदुलाल याज्ञिक आणि शामराव परुळेकर हेही अग्रभागी होते. त्याच वर्षी जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार त्या संघटनेने १९३० सालीच संमत केला होता. परतंत्र भारतात मात्र सक्तीची मजुरी चालूच होती. ती आपल्याच प्रांतात, मुंबईपासून शंभर मैलांच्या आत किती खोल रुजली आहे, हे शामरावांना काही वर्षांनी प्रत्यक्ष पाहावयाचे होते.

१९३९ साली त्यांचा विवाह गोदावरी गोखले यांच्याशी झाला. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या आणि त्यांनीही भारत सेवक समाजात काम केलेले होते. दोघेही त्या सुमारास कम्युनिस्ट पक्षात गेले आणि साहजिकच समाजाशी असलेला त्यांचा संबंध तुटला. भारतीय जनतेला न विचारता तिला युद्धात ओढले गेले, या भूमिकेतून दोघांनी युद्धविरोधी प्रचार केला आणि १९४० साली भारत संरक्षण कायद्याखाली तुरुंगवास पत्करला. त्यांची सुटका १९४२ साली झाली. तोवर त्यांच्या पक्षाची युद्धाविषयीची भूमिका बदललेली होती. ज्या वर्षी देशात ‘चले जाव’चा वणवा पेटला, त्या वर्षी युद्धाला पाठिंबा देणाऱ्या या भूमिकेवर कठोर टीका झाली आणि इतिहासात ती आजही होते. शामरावांचे चरित्र सांगताना हा भाग वगळणे त्यांच्याच काटेकोरपणाशी सुसंगत होणार नाही.

टिटवाळ्याहून झरीकडे

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली. तिच्या संघटनेचा भार परुळेकर पति-पत्नींवर होता. या परिषदेस उंबरगाव तालुक्यातून काही वारली पायपीट करून आले. त्यांचा म्होरक्या माह्या धांगडा याने आपल्या समाजाची कहाणी व्यासपीठावरून आपल्या बोलीत सांगितली. सभेतील शहरी श्रोत्यांना त्यातील पुष्कळ शब्द अपरिचित असतील. परंतु वेठ, मार आणि उपास यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

त्यानंतर गोदावरीबाई या भागात आल्या. पाड्यापाड्यावर चालत जाणे, वारल्यांच्या घरी राहणे, त्यांच्या ताटातील अन्न खाणे आणि त्यांची बोली शिकणे हा त्यांचा क्रम होता. वारली त्यांना ‘बाई’ म्हणू लागले. या भागात छापील पत्रक निरुपयोगी होते, कारण वाचणारा कोणी नव्हता. जे सांगावयाचे ते तोंडी, थोडक्यात आणि लक्षात राहील अशा शब्दांत सांगावे लागे. ऐकणारा ते पुढच्या पाड्यावर नेऊन पोहोचवी.

युरोपातील युद्ध संपून पंधरवडा उलटला होता. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी, जे आज तलासरी तालुक्यात आहे, सुमारे ५,००० वारली एकत्र आले. तेथे ठरलेल्या गोष्टी साध्या होत्या. वेठ करावयाची नाही. मालकाच्या खाजगी शेतावर रोज १२ आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज काम करावयाचे नाही. कोणी मारहाण केली तर ती निमूटपणे सोसावयाची नाही. एकी मोडावयाची नाही. पुढील काही आठवड्यांतच या भागातील वेठ आणि लग्नगड्याची पद्धत मोडीत निघाली. पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली माणसे सावकाराच्या वाड्यातून आपल्या पाड्यावर परत आली. जगातील मोठ्या विजयांच्या बातम्यांनी वृत्तपत्रे भरून वाहत असताना झरीचा हा विजय कोणत्या स्तंभात बसवावा, हे बहुतेकांना सुचले नसावे.

तलवाड्याची रात्र

पावसाळा सरला आणि गवत कापणीचा हंगाम आला. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत ही वारल्यांची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा काम थांबले. गवत वेळेवर कापले नाही तर ते वाळून मातीमोल होते. म्हणून मालकांचा जीव कासावीस झाला होता. संप मात्र शांततेने चालला होता.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी पाड्यापाड्यावर एक निरोप फिरला. तलवाडा येथे सभा आहे, बाई येणार आहेत, त्यांच्यावर हल्ला होण्याचा संभव आहे, तेव्हा हाती मिळेल ते घेऊन या. निरोप खोटा होता. गोदावरीबाई तेथे येणार नव्हत्या आणि सभाही ठरलेली नव्हती. परंतु बाईंच्या जिवाला धोका आहे म्हटल्यावर खात्री करून घेण्यास कोणी थांबले नाही. काठ्या, कोयते, कुऱ्हाडी घेऊन हजारो वारली रातोरात जमले. दुसरीकडे पोलिसांकडे वेगळाच निरोप गेला : हत्यारबंद आदिवासींचा जमाव लुटालुटीसाठी जमला आहे. आंदोलनाच्या बाजूने नोंदविलेल्या हकिगतीनुसार दोन्ही निरोपांचे मूळ एकच होते. संप मोडू पाहणाऱ्यांनी ते पेरले होते.

पोलिसांच्या गाड्या आल्या आणि गोळीबार सुरू झाला. जमाव पांगेना. बाई येणार आहेत, त्यांना एकटे सोडून कसे जायचे, हा एकच विचार त्या भोळ्या माणसांच्या मनात होता. रात्र सरून ११ तारीख उजाडली तरी माणसे जागा सोडीनात आणि गोळीबारही पूर्णपणे थांबेना. या गोळीबारात पाच जण ठार झाले. त्यांतील जेठ्या गांगड याचे नाव आजही या भागात घेतले जाते. आपापल्या घरी परत जा, हा गोदावरीबाईंचा खरा निरोप पोहोचला तेव्हा ती माणसे पाड्यांकडे वळली.

या घटनेचा नीट विचार केला असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. तलवाड्याचे पाच बळी गोळीने गेले हे खरे. परंतु त्या गोळीच्या आधी दोन खोट्या वार्ता सुटल्या होत्या. एक वाऱ्यासारखी रानात फिरली, दुसरी कचेरीत पोहोचली. रानातील माणसाजवळ ती पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. कचेरीतील माणसाजवळ ते होते. त्याने ते वापरले नाही. ज्या समाजाची खरी हकिगत बाहेर जात नाही, त्याच्याविषयी कोणतीही हकिगत खरी मानली जाते. हजारो माणसे रात्रभर मार खात उभी का राहिली, एवढा एकच प्रश्न त्या रात्री कोणी विचारला असता तर पाच घरांतील दिवे विझले नसते.

त्यानंतर सभाबंदी आणि हद्दपारीचे हुकूम निघाले. परुळेकर पति-पत्नींना या भागात येण्यास मनाई झाली. तरीही संप टिकला. विशेष हे की, हजारोंच्या संख्येने असलेल्या, हाती कोयते असलेल्या या समाजाने पाच माणसे गमावल्यावरही सूडाचा मार्ग धरला नाही. गवत कापणीची मजुरी अखेर मालकांना वाढवावी लागली. पुढील वर्षी, १९४६ साली, जंगलतोडीच्या मजुरीचा संप झाला आणि रोज सव्वा रुपया हा किमान दर लाकडाच्या ठेकेदारांना कबूल करावा लागला.

लेखणीचे काम

संप जिंकला, परंतु तलवाड्यास मेलेले पाच जण दंगेखोर होते की नव्हते, हा प्रश्न उरला होता. येथेच शामरावांच्या लेखणीचे महत्त्व दिसून येते. १९४७ साली त्यांची ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ ही इंग्रजी पुस्तिका मुंबईस प्रसिद्ध झाली. वारल्यांच्या हातून जमीन गेलेली, वेठ, लग्नगड्याची पद्धत, छळाचे प्रकार, झरीचे निर्णय, दोन्ही वर्षांचे संप आणि सरकारी दडपशाही यांची हकिगत तीत आली.

ती एका बाजूचे लेखन होते, यात शंका नाही. शामराव या लढ्यात तटस्थ नव्हते आणि तटस्थ असल्याचा आव त्यांनी आणला नाही. परंतु बाजू घेणे आणि खोटे लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मजुरीचा दर किती होता, किती मागितला, किती मिळाला. सभा कोणत्या दिवशी, कोणत्या गावी झाली. माणसे किती मेली, हे त्यांनी लिहून ठेवले. पुढील काळात ज्या अभ्यासकांना या उठावाविषयी लिहावयाचे होते, त्यांना सिमिंग्टन यांच्या अहवालाशेजारी ठेवण्यास ही पुस्तिका उपलब्ध होती. एका बाजूस सनदी अधिकारी आणि दुसऱ्या बाजूस त्याच सत्तेने हद्दपार केलेला कार्यकर्ता. वेठीच्या बाबतीत मात्र दोघांची साक्ष जुळते. वृत्तांताच्या खरेपणाची याहून चांगली कसोटी कोणती असू शकते?

पुस्तिका इंग्रजीत लिहिण्यामागील उद्देशही समजण्यासारखा आहे. ज्यांच्याविषयी ती लिहिली ते वारली ती वाचू शकणार नव्हते, आणि मराठीत लिहिली असती तरी वाचू शकले नसते. ती मुंबईतील सुशिक्षितांनी, राज्यकर्त्यांनी आणि परदेशातील वाचकांनी वाचावी अशी अपेक्षा होती. जी वार्ता रानातून बाहेर पडत नव्हती, ती या मार्गाने बाहेर पडली.

युद्धाची छाया आणि अखेर

स्वातंत्र्यानंतर शामराव १९५७ साली ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा तो काळ होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा उंबरगाव तालुका विभागला गेला. त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरी हा स्वतंत्र प्रशासकीय घटक आकारास आला. झरी महाराष्ट्रात राहिली.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले आणि २६ तारखेस देशात आणीबाणी पुकारण्यात आली. भारत संरक्षण कायदा व त्याखालील नियम यांनी सरकारला चौकशीविना स्थानबद्ध करण्याचा अधिकार दिला. लढाई महिनाभरात थांबली. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. मधल्या काळात, १९६४ साली, कम्युनिस्ट पक्षात फूट पडली. शामराव व गोदावरीबाई मार्क्सवादी पक्षात गेले आणि त्या पक्षाच्या पुढाऱ्यांची देशभर जी धरपकड झाली तीत दोघेही स्थानबद्ध झाले.

सीमेवर शत्रू उभा असताना शासनाला असाधारण अधिकार हवे असतात आणि देशाच्या संरक्षणाची जबाबदारी शेवटी शासनावरच असते, हे नाकारता येत नाही. त्याचबरोबर हेही खरे की, १९४० साली परक्या सरकारने ज्या नावाच्या कायद्याखाली शामरावांना तुरुंगात ठेवले, त्याच नावाच्या कायद्याखाली पंचवीस वर्षांनी ते स्वतंत्र भारतात कैदी होते. १९६५ सालच्या उन्हाळ्यात कच्छच्या रणात चकमकी झडल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काश्मीरमध्ये पाकिस्तानी घुसखोर उतरू लागले. त्याच आठवड्यात, ३ ऑगस्ट १९६५ रोजी, आर्थर रोड तुरुंगात हृदयविकाराने शामरावांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ६३ च्या आसपास होते. त्यांच्यावर कोणताही गुन्हा न्यायालयात शाबीत झालेला नव्हता. गोदावरीबाईही त्या वेळी स्थानबद्धच होत्या. देशाचे सारे लक्ष सीमेकडे लागलेले असताना एका माजी खासदाराच्या मृत्यूची वार्ता मोठी ठरणे शक्य नव्हते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र ती पोहोचली, आणि पूर्वीप्रमाणेच तोंडी पोहोचली.

उरलेली पाने

शामरावांनी सुरू केलेले लेखन गोदावरीबाईंनी पूर्णत्वास नेले. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. इंग्रजी पुस्तिकेत जो विषय आकडे आणि घटना यांच्या रूपाने आला होता, तो येथे माणसांच्या रूपाने, आणि मुख्य म्हणजे मराठीत, आला. गोदावरीबाई ८ ऑक्टोबर १९९६ रोजी निवर्तल्या.

ज्या गोष्टींसाठी झरीला माणसे जमली होती, त्यांतील पुष्कळ आज कायद्यात आहेत. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली. सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९५४ साली मान्यता दिली. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कुळांना जमिनीच्या मालकीचा मार्ग खुला झाला. वेठबिगार पद्धतीचे निर्मूलन करणारा केंद्रीय कायदा १९७६ साली आला. महाराष्ट्राने रोजगार हमीची योजना हाती घेतली, तिचा पुढे कायदा झाला. वनहक्कांचा कायदा २००६ सालचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळे जिल्ह्याची कचेरी या पाड्यांच्या अधिक जवळ आली. शामरावांना यातील बरेचसे पाहावयास मिळाले नाही. तथापि कायदा पुस्तकात येण्याआधी त्याची गरज कोणाच्या तरी लेखणीतून नोंदली जावी लागते, हे विसरता येणार नाही.

आणि कायदा झाला म्हणजे वार्तेचे काम संपत नाही. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, याच डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे रस्त्याने जाणाऱ्या तिघांचा जमावाच्या हातून बळी गेला. परिसरात चोरांच्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत पसरल्या होत्या. तलवाड्याला चौऱ्याहत्तर वर्षे उलटून गेली होती. पाड्यापाड्यावर रस्ते, शाळा आणि हातोहाती दूरध्वनी आले होते. निरोप पूर्वी पायाने फिरत होता, आता तो क्षणात फिरू लागला. पडताळून पाहण्याची सवय मात्र त्याच वेगाने वाढलेली नव्हती. १९४५ साली मरणारे आदिवासी होते, २०२० साली बळी गेलेले वाटसरू होते. मारणारा आणि मरणारा बदलला, खोट्या वार्तेचा परिणाम तोच राहिला.

म्हणून डहाणू-तलासरीच्या तरुण पिढीपुढे, विशेषतः जे शिक्षक, ग्रामसेवक, वार्ताहर किंवा शासकीय सेवक म्हणून या भागात काम करणार आहेत त्यांच्यापुढे, शामराव परुळेकरांचे उदाहरण ठेवण्यासारखे आहे. त्यांची राजकीय मते सर्वांना पटतीलच असे नाही. पटावीत असा आग्रहही नाही. त्यांच्यापासून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. जेथे मजुरी बुडाली तेथे ती किती दिवसांची व किती रुपयांची हे लिहून घ्यावे. जेथे माणूस मेला तेथे त्याचे नाव आणि गाव विचारावे. जेथे निरोप आला तेथे तो कोणी पाठविला याची खात्री करून घ्यावी, आणि वरिष्ठांकडे अहवाल पाठविण्यापूर्वी ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्याशी एकदा बोलावे.

जेठ्या गांगडाचे नाव आज उच्चारता येते, कारण ते कोणीतरी विसरू दिले नाही आणि कोणीतरी कागदावर उतरविले. झरीच्या निर्णयांनी वेठ मोडली. त्या निर्णयांचा दिवस आणि त्यांतील बारा आण्यांचा दर आज सांगता येतो, तो त्या नोंदींमुळे. युद्धकाळात लेखणी हाती धरणाऱ्याने समाजाला दिलेले देणे हेच आहे, आणि ते फेडण्याचा मार्गही तोच आहे : खरे ते पाहावे, पडताळावे आणि लिहून ठेवावे.